एकाच खांबावर तीन पट्ट्या

पन्नाशी उलटलेल्या बाईला चिमी म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, तिचा दादा. बाकी सगळे तिला ताई म्हणायचे. नवीन घर विकत घेण्याआधी लोक तिला बोलवायचे आणि ती ते घर पायापासून छपरापर्यंत तपासून द्यायची. लाकडी सांगाड्याच्या घरांसाठी तर हमखास तिलाच बोलावणं यायचं. अशा घराचा सगळा भार आतल्या लाकडी खांबांवर असतो, आणि एकदा आतून पांढरे बोर्ड ठोकून रंग दिला की ते खांब कुणाच्या नजरेस पडत नाहीत.

हे काम तिला दादानेच शिकवलं होतं. तो सांगाडे उभे करणारा सुतार. वडील लवकर गेले, आणि शाळा सुटली की चिमी थेट त्याच्या साइटवर जाऊन बसायची. पुढे तिने बरीच वर्षं त्याच्याबरोबर हातोडी चालवली. मग एकदा परांचीवरून पडून तिचा गुडघा गेला. रडत बसली होती तेव्हा दादा म्हणाला, "गुडघा गेलाय, डोळे नाही गेले. आणि डोळे तुझे घारीचे आहेत. तू आता आमच्यासारख्यांच्या चुका काढायला लाग." ती लागली, आणि त्यात तिचं नाव झालं.

एकदा एका बसड्रायव्हरचा फोन आला आणि त्याने घ्यायच्या घराचा पत्ता सांगितला, तेव्हा तिने आधीच स्पष्ट केलं, "ते घर माझ्या सख्ख्या भावाने उभं केलंय. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

"मग तर तुम्हीच या," ड्रायव्हर म्हणाला. "भावाच्या चुका बहिणीइतक्या कुणाला सापडतात?"

ती हसली आणि हो म्हणाली. खरं सांगायचं तर तिला थोडा अभिमानच वाटला होता. दादाने बांधलेल्या घरात शोधायला काय असणार?

घर टुमदार होतं. नव्या रंगाचा वास, खिडक्यांच्या काचांवर अजून कंपनीचे कागद चिकटलेले. ड्रायव्हर आणि त्याची बायको दोघंही आली होती. बायको एका शाळेच्या कँटीनमध्ये कामाला होती, आणि प्रत्येक खोलीत गेली की आधी खिडकी उघडून बाहेर काय दिसतं ते बघत होती. ड्रायव्हर चिमीच्या मागे मागे.

"गाडी घेताना मी टायरला एक लाथ मारून बघतो," तो म्हणाला. "घराला कुठे मारायची?"

"घराला मारायची नाही. घराचं ऐकायचं," म्हणत चिमीने बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केली. खांब कुठे आहे, पोकळी कुठे आहे, हे तिने त्याला आवाजावरून ओळखायला शिकवलं. मग दारं उघडून सोडून दिली, ती आपोआप बंद होत नाहीत ना ते बघितलं. जिने, छपराखालची जागा, पाइप जिथून भिंतीत शिरतात त्या फटी. सगळं चोख होतं. छप्पर तोलणाऱ्या लाकडी कैच्या तर अशा बसल्या होत्या की तिथे उभं राहून तिला दादाला फोन करावासा वाटला.

स्वयंपाकघरात तिने ओल मोजायचं यंत्र काढलं. त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या की आत किती पाणी आहे ते कळतं. खिडकीखालच्या लाकडी पट्टीत तिने सुया टोचल्या आणि आकडा बघून यंत्रच बिघडलं असेल म्हणून बॅटरी काढून पुन्हा घातली. आकडा तोच आला. सुकलेल्या लाकडाचा असायला हवा त्याच्या दुप्पट.

"काही गडबड आहे का?" ड्रायव्हरच्या बायकोने विचारलं.

"ओल आहे. कुठून येते ते बघावं लागेल."

तिने प्लगचं झाकण काढून त्यातून नळीवरचा कॅमेरा आत सोडला. पडद्यावर काळपट लाकूड दिसलं, बुरशीचे पांढरे ठिपके दिसले. कॅमेरा बाजूला वळवला तेव्हा तिला आणखी काहीतरी दिसलं, पण ते नीट कळेना. तिने घर बांधणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरला फोन करून भिंत उघडायची परवानगी मागितली.

"ताई, ते तुमच्या दादांचं काम आहे," सुपरवायझर म्हणाला. "त्यांचं काम आम्ही कधी तपासतसुद्धा नाही."

"ते दिसतंच आहे," चिमी म्हणाली. "या तुम्ही."

तो आला, आणि दोघांनी मिळून बोर्ड उतरवला.

वादळात घर जागचं हलू नये म्हणून प्रत्येक कोपऱ्यातला आणि दारा-खिडकीच्या बाजूचा खांब लोखंडी पट्टीने खाली पायाला बांधतात. त्या भिंतीत एका खांबावर तीन पट्ट्या होत्या. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि प्रत्येकीचे स्क्रू अगदी नीट, सरळ रेषेत, दादा मारतो तसे. शेजारच्या खांबावर एकही पट्टी नव्हती. त्याच्या पलीकडच्यावरही नव्हती. खिडकीच्या वर पाणी बाहेर वळवणारा पत्रा असतो, तो मुळी बसवलेलाच नव्हता. बाजूच्या छोट्या खिडकीवर मात्र दोन होते.

"चोरी केलीय माल वाचवायला," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आणि म्हणे नाव आहे!"

"माल वाचवणारा माणूस एका जागी तीन पट्ट्या लावत नाही," सुपरवायझर पुटपुटला. त्यालाही काही समजत नव्हतं.

चिमीला समजलं. ती त्या खांबासमोर उकिडवी बसली होती आणि दुखरा गुडघा ठणकत होता, तरी तिला उठवेना. दादाने पट्टी लावली होती. मग पाणी प्यायला किंवा कशाला तरी तो बाजूला गेला होता, आणि परत येऊन त्याने पुन्हा पट्टी लावली होती. आणि पुन्हा. हात विसरले नव्हते. स्क्रू कसा मारायचा ते हातांना पक्कं माहीत होतं. मारलाय की नाही, तेवढंच त्याला आठवत नव्हतं.

मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे यायला लागली. हल्ली फोनवर दादा एकच किस्सा पुन्हा सांगायचा आणि ती दोन्ही वेळा हसायची. तिच्या घरी यायला निघून तो एकदा भलत्याच गल्लीत पोचला होता, आणि त्यावरून सगळ्यांनी त्याची थट्टा केली होती. त्याचा जुना जोडीदार काम सोडून परगावी गेल्यापासून तो एकटाच सांगाडे उभे करत होता. बरोबर कुणी असतं तर पहिल्या दिवशीच लक्षात आलं असतं.

"हे घर घेऊ नका," तिने ड्रायव्हरला सांगितलं. "निदान सगळ्या भिंती उघडून दुरुस्त केल्याशिवाय तरी नाही. मी तसं लेखी देते." ड्रायव्हरची बायको खिडकी लावून घेत होती. ते घर तिने मनात केव्हाच आपलं केलं होतं.

चिमी तिथून तडक दादाच्या घरी गेली. दार वहिनीने उघडलं. चिमीचा चेहरा बघून ती दारातच म्हणाली, "कळलं वाटतं तुम्हाला."

"तुला माहीत होतं, वहिनी?"

"नवरा आहे माझा. मला कळणार नाही?" वहिनी हळू आवाजात बोलत होती, कारण दादा आत होता. "रोज सकाळी मी त्यांची हत्यारं काढून ठेवते. साइटवर कुठे जायचं ते सांगते. दुपारी फोन करते, जेवलात का म्हणून. कामात ठीक असतात असं वाटायचं मला. काम सुटलं तर हे उरणार किती, या भीतीने मी गप्प बसले."

"अगं, घरं आहेत ती. माणसं राहायची आहेत त्यांच्यात."

"हो," वहिनी म्हणाली, आणि पदराने तोंड दाबून घेतलं.

दादा आतून आला. "चिमे! आज इकडे कशी?"

तिने त्याला खोटं सांगितलं नाही. तो आधी भडकला. माझ्या भिंतीत खोट काढतेस? माझ्या? मी तुला हातोडी धरायला शिकवली. ती ऐकून घेत राहिली. शेवटी तो म्हणाला, "चल. दाखव मला."

तो उघड्या भिंतीजवळ गेला. पहिल्या पट्टीवरून त्याने बोट फिरवलं, मग दुसरीवरून, मग तिसरीवरून. शेजारच्या मोकळ्या खांबावर तळहात ठेवला. सुपरवायझर बाहेर जाऊन उभा राहिला.

"माझंच आहे," दादा म्हणाला. "स्क्रू माझेच आहेत." मग खाली फरशीवरच बसला. "मला वाटायचं, वय झालं की सगळ्यांचंच असं होतं. मी कुणाला बोललो नाही, चिमे. काम काढून घेतील म्हणून."

ती त्याच्याजवळ बसली. इतक्या वर्षांत तिने त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तो रडला नाही. फक्त विचारलं, "याच्या आधीची किती घरं असतील अशी?"

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि त्या आजाराचं नाव सांगितलं. औषधाने वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, म्हणाले. बाहेर आल्यावर दादाने एकच हट्ट धरला. जोडीदार गेल्यानंतर एकट्याने उभं केलेलं प्रत्येक घर उघडून बघायचं. कंपनीने आधी आढेवेढे घेतले. चिमीने त्यांना सांगितलं, तुम्ही तपासणार नसाल तर घरमालकांना मी स्वतः जाऊन सांगेन. मग त्यांनी दोन सुतार दिले. ड्रायव्हरच्या घराच्या सगळ्या भिंती उघडून नव्याने बांधल्या गेल्या, आणि चिमीने पुन्हा तपासून होकार दिल्यावर ते दोघं तिथे राहायला आले. सामान उतरवताना ड्रायव्हर तिला म्हणाला, "त्या दिवशी मी चोर म्हणालो. त्यांना सांगू नका." चिमीने मान हलवली. सांगितलं असतं तरी ते आता दादाच्या लक्षात राहिलं नसतं, असं तिच्या मनात आलं.

बाकीची घरं बघायला भाऊ-बहीण बरोबरच जायची. वहिनी गाडी चालवायची. दारात दादा घरमालकांना स्वतःच सांगायचा, "मी हे घर बांधलं. माझ्या हातून चूक झाली असेल. मला बघू द्या." काही घरं निर्दोष निघाली. काहींत कुठेतरी एक पट्टी राहिलेली असायची. लोक रागवायचे, काही जण चहा द्यायचे. एका घरी निघताना त्याने पुन्हा पहिल्यापासून माफी मागायला सुरुवात केली. घरातल्या म्हाताऱ्या बाईने ती दुसऱ्यांदाही शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "असू दे हो."

थंडी सुरू झाली तोवर दादाचं बरंच काही निसटलं होतं. शेवटच्या घरापर्यंत तो आला तो वहिनीचा हात धरून. ते एका तरुण जोडप्याचं घर होतं. ती दोघं कामावर गेली होती आणि किल्ली शेजारी ठेवली होती. वहिनी त्याला दारात सोडून गाडीत जाऊन बसली. सुतार गाडीतून सामान आणायला गेले होते. चिमीने बैठकीच्या खोलीतला बोर्ड उतरवला. आत तेच होतं. एका खांबावर पट्ट्यांची चळत, बाकीचे खांब उघडे.

दादा वाकून बघत होता. बघता बघता त्याचं कपाळ आक्रसलं.

"काय हे?" तो म्हणाला. "कोणाचं काम आहे हे?"

चिमीने त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता.

"एक सुतार होता," ती म्हणाली.

"सुतार कसला! याच्या हातात हातोडी देऊ नका म्हणावं. लोक झोपणार इथे, पोरंबाळं असणार." संतापाने त्याचा आवाज चढला होता. तोच आवाज, ज्याने तो पूर्वी साइटवर गलथान गड्यांना झापायचा. कितीतरी महिन्यांत तिने तो ऐकला नव्हता.

"त्याला बरं नव्हतं, दादा," ती म्हणाली. "आजारी होता तो. त्याला आठवायचं नाही."

दादाचा राग तिथेच उतरला. तो पुन्हा त्या पट्ट्यांकडे बघू लागला. स्क्रूवरून अंगठा फिरवला. "अरेरे," तो म्हणाला. "मारलेत मात्र सरळ, बिचाऱ्याने." मग म्हणाला, "घरी कुणी नव्हतं का त्याला? थांबवायला?"

"होतं ना. बायको होती. बहीण होती."

"बहीण काय करत होती?"

"घरं तपासायची."

"मग तिला दिसलं नाही?"

"नाही दिसलं," चिमी म्हणाली. तिला रडू फुटलं.

दादाने तिच्याकडे बघितलं. ही बाई का रडते आहे ते त्याला कळत नव्हतं, पण रडणाऱ्या माणसाला एकटं सोडायचं नाही एवढं त्याला अजून कळत होतं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटत राहिला. "होतं असं," तो म्हणाला. "तिला सांगा, मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं."

सुतार नवीन पट्ट्या घेऊन आत आले. चिमीने डोळे पुसले, त्यांना मोकळे खांब दाखवले, आणि काम सुरू झालं.