गंजोबाचा डावा हात

डावा हात ऐन शॉटमध्ये हलायला लागला.

गंजोबाचं काम करणाऱ्या रबरच्या तोंडातलं वाक्य अर्ध्यावर अडकलं. समोर खांबाला बांधलेला हिरो, त्याच्यामागे काळोख, काळोखात कॅमेरा आणि श्वास रोखून उभी असलेली माणसं. लोखंडी खुर्चीच्या दांड्यावर त्याची तर्जनी अंगठ्याला घासत होती, मेणाची बारीक गोळी वळावी तशी. मनातल्या मनात त्याने तिला थांब म्हटलं. ती थांबेना.

त्याने मान सावकाश वळवून हाताकडे पाहिलं, कुणा परक्याच्या हाताकडे पाहावं तसं. मग उजव्या हाताने तो अलगद उचलला, मांडीवर घेतला आणि मांजराच्या पिल्लासारखा कुरवाळायला लागला.

"शू... शू... भूक लागली बाळाला?" मग हिरोकडे न बघताच म्हणाला, "जरा दम धर. आधी ह्याचं काय म्हणणं आहे ते ऐकू दे."

यातलं काहीच संहितेत नव्हतं. हिरोने खरोखरच अंग चोरून घेतलं. थोड्या वेळाने हात आपसूक थांबला. रबरने तो परत दांड्यावर ठेवला आणि अडकलेलं वाक्य पुरं केलं.

"कट!" म्हणत दिग्दर्शिका धावतच आली. पोरगेलीशी होती, रबरला काका म्हणायची. "काका, अंगावर काटा आला! कुठून सुचलं हे?"

"सुचलं आपलं."

"आता हा हात सोडायचा नाही. प्रत्येक सीनमध्ये पाहिजे मला. गंजोबा म्हणजे हा हात!"

"बरं," रबर म्हणाला. सगळे टाळ्या वाजवत होते, त्यांच्यामधून वाट काढत तो संडासात गेला आणि आतून कडी घातली. कमोडचं झाकण पाडून बसला, डावा हात मांडीखाली दाबून धरला. बाहेर कुणीतरी त्याची नक्कल करत होतं, "शू... शू... भूक लागली बाळाला?" आणि हसत होतं. रबरच्या मानेवरून घाम ओघळत होता. सुचलंबिचलं काही नव्हतं. हे गेले काही महिने चाललं होतं. अंघोळीच्या वेळी, पेपर वाचताना, झोप लागता लागता. कॅमेऱ्यासमोर आज पहिल्यांदा झालं.

त्याचं खरं नाव युनिटमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. नाटकात असताना तो जिन्यावरून असा गडगडत खाली यायचा की पहिल्या रांगेतल्या बायका किंचाळायच्या, आणि तो उठून टोपी झटकायचा. तेव्हापासून तो रबर. सिनेमात आला तो वेटर, पाकीटमार, दारुडा शेजारी असल्या कामांसाठी. चेहरा कुणाच्या लक्षात राहिला नाही, पण कुणाला पडायचं असलं, आपटायचं असलं, की फोन यायचा, "रबरला बोलवा." त्याची सगळी पुंजी म्हणजे हे शरीर. सांगेल तसं वळणारं, सांगेल तिथे थांबणारं.

गंजोबा हा मुलांच्या चित्रकथेतला खलनायक. लोखंडाला हात लावला की गंज चढतो, पूल कोसळतात, कुलपं गळून पडतात. पुस्तकात तो ढेरपोट्या आणि खिदळणारा होता. निवड करताना दिग्दर्शिकेने सगळ्यांना एकच सांगितलं होतं, दारापासून खुर्चीपर्यंत चालून दाखवा. बाकीचे खिदळत गेले. रबर असा गेला, की जणू प्रत्येक सांधा हलण्याआधी परवानगी मागतोय. साठी जवळ आल्यावर त्याचा चेहरा पहिल्यांदाच पोस्टरवर येणार होता.

आणि आता तो रोज सकाळी भीतीने उठायचा.

हात हुकमाचा ताबेदार नव्हता. हवा तेव्हा यायचा नाही, मग रबर थरथर अभिनयाने आणायचा. ती आणली की तिच्या मागून खरी यायची, आणि ती जायचं नाव घ्यायची नाही. कुठपर्यंत आपण आणि कुठून पुढे तो, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं. वरून दिग्दर्शिकेचं चालूच, "काका, आज हात जरा जास्त," "काका, ह्या शॉटला थोडा कमी." जसा काही तो पंखा होता.

एकदा दाराच्या चौकटीत त्याचा पायच उचलेना. जमिनीला चिकटल्यासारखा. पुढे जायचं मनात होतं, पाय मात्र ऐकत नव्हता. तो तसाच उभा राहिला, डोळे समोर रोखून. पाय सुटला तेव्हा मागून आवाज आला, "क्या बात है! काय पॉज घेतला काकांनी!"

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावायची, त्यामुळे घरातही तिच्या नजरेतून फारसं काही सुटत नसे.

"अहो, बाहीचं बटण का नाही लावत हल्ली?"

"उकडतं."

"आणि डाव्या बुटाचं टोक का झिजलंय एवढं?"

"अगं, चालायची सवय लागलीय गंजोबाची. दिवसभर तेच करायचं म्हटल्यावर..."

ती उठली. त्याच्या समोर येऊन बसली आणि मांडीखालचा त्याचा डावा हात तिने ओढून बाहेर काढला. हात तिच्या तळव्यात थरथरत राहिला. तिने तो दाबला नाही, नुसता धरून ठेवला.

"हे शूटिंगमधलं नाहीये," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे जायचं."

डॉक्टरांच्या खोलीत शिरतानाच रबरने ठरवलं, की आपण धडधाकट माणसाची भूमिका करायची. आयुष्यभर कसली कसली सोंगं वठवली, त्यात हे एक. छाती पुढे काढून आत गेला, मोठ्याने हसला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. डॉक्टरांनी व्हरांड्यात चालून दाखवायला सांगितलं तेव्हा ऐटीत चालला. बोटं चिमटीसारखी मिटून उघडायला सांगितल्यावर भरभर करून दाखवलं.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता हेच डाव्या हाताने करा, आणि तोंडाने शंभरापासून उलटे आकडे म्हणा."

शंभर, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव. आकड्यांकडे लक्ष गेलं आणि बोटं मंदावली, आखडली, थांबली. रबर बघत राहिला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही नट आहात ना? काम चांगलं केलंत. पण चालताना तुमचा उजवा हात मागेपुढे होत होता, डावा नुसता लोंबत होता. ते तुमच्या ध्यानात आलं नाही."

दुसऱ्याची चाल उचलण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःचा हात दिसला नव्हता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, असं म्हणतात. त्यात आता आणखी एकाची भर पडली.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. बरा होणारा नाही, पण गोळ्यांनी आवरता येतो, पुष्कळ वर्षं नीट जातात. व्यायाम सोडायचा नाही. "आणि उंचावर चढायचं नाही," ते म्हणाले. "तोल केव्हा दगा देईल याचा नेम नसतो."

रिक्षात बायको म्हणाली, "त्यांना सांगून टाका."

"सांगितलं की काढतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

तो रस्त्याकडे बघत राहिला.

गोळ्या सुरू झाल्या. हात बराचसा निवला, तरी भीती निवेना. गोळीचा अंमल उतरेल आणि कुणीतरी बघेल, ही नवी भीती त्यात आली. मेकअपच्या आरशासमोर, जेवताना, कुणी हात पुढे केला की मिळवताना, तो सारखा स्वतःवर पहारा ठेवून असे.

शेवटच्या मारामारीचं शूटिंग एका बंद पडलेल्या गिरणीत होतं. छताजवळून जाणारी लोखंडी पायवाट, तिच्या टोकाला गंजोबा ओणवा, आणि त्याच्या डाव्या हाताला धरून खाली लोंबकळणारी हिरोची बहीण. हे काम करणारी नटी नवखी होती. फाइट मास्टरने तिच्या कमरेची वायर ओढून पाहिली आणि रबरला समजावलं,

"वायर आहेच. पण ती ताणली जायला एक क्षण लागतो. तेवढा वेळ पोरीचा भार तुमच्या हातावर. मी 'सोड' म्हटलं की सोडायचं. आधी सुटला तर पोरगी झटका खाऊन त्या खांबावर जाईल. कळलं?"

"कळलं."

वर चढताना लोखंडी जिना पायाखाली किणकिणत होता. रबरने खाली बघायचं टाळलं. टोकाशी आल्यावर नटीने त्याचं मनगट पकडलं आणि हसली. तिचा तळवा घामाने ओला होता.

"मी रात्रभर झोपले नाही, काका. पण तुमच्याबरोबर शॉट आहे म्हटल्यावर बरं वाटलं. पडण्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

रबरने खाली पाहिलं. खांब, सिमेंटची जमीन, वर वळलेले इवलेसे चेहरे. त्याच्या मनगटावर तिची बोटं होती आणि त्या बोटांखाली ती मेणाची बारीक गोळी पुन्हा वळायला लागली होती.

"रेडी?" मास्टर खालून ओरडला.

"थांबा," रबर म्हणाला. ते खाली पोचलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं, "मास्टर, थांबा. हा हात माझं ऐकत नाही."

खाली हशा पिकला. "वा काका!" दिग्दर्शिका ओरडली. "हे ठेवू या, हे वाक्य ठेवू या!"

इतके दिवस हे खरं आहे हे त्यांना कळेल म्हणून रबर घाबरत होता. आता ते कळत नाही म्हणून घाबरला.

त्याने नटीला कठड्याच्या आत ढकललं आणि स्वतः खाली बसला. "सोंग नाहीये हो," तो ओरडला, आणि गिरणीच्या रिकाम्या भिंतींवरून ते परत आलं. "आजार आहे मला. डॉक्टरने सांगितलंय. पोरीला माझ्या हातात देऊ नका."

कुणी हसलं नाही. कुणीतरी दिवे बंद केले. मास्टर स्वतः वर आला आणि त्याला एकेक पायरी करत खाली घेऊन गेला.

दिग्दर्शिका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्याच्याजवळ बसली.

"पहिल्या दिवशीचं ते कुरवाळणं?"

"हात खरा. कुरवाळणं माझं."

"आणि परवाच्या सीनमधला हात?"

"परवाचा आणलेला होता."

"मी तुम्हाला जास्त करा, कमी करा म्हणत होते." तिने तोंडावर हात ठेवला.

"तुम्हाला काय माहीत, मॅडम. मी कुठं सांगितलं?"

ती निर्मात्याला फोन करायला बाहेर गेली. रबर भिंतीला टेकून बसून राहिला. खिडकीच्या काचेपलीकडे ती येरझाऱ्या घालत होती, मध्येच हात उडवून भांडत होती. आता हाकलणार, हे त्याने धरूनच ठेवलं. पोस्टरवर रंग फासलेला आपला चेहरा आणि त्यावर चिकटवलेला दुसऱ्या कुणाचा चेहरा, असं काहीबाही त्याला दिसत राहिलं.

"उंचावरचं सगळं तुमच्या जागी डबल करेल," ती परत येऊन म्हणाली. "बाकी सीन तुमचेच. ते मी सोडलं नाही. पण सिनेमाच्या पुढच्या भागांचं..."

"कळलं," रबर म्हणाला. तिला वाक्य पुरं करावं लागू नये म्हणून तो उठला. "डबल कुठाय? त्याला दाखवतो."

डबल गृहस्थ माणूस होता, दोन पोरींचा बाप, मन लावून शिकणारा. रबरने त्याला चाल दाखवली, मानेचं वळण दाखवलं. मग हात. डबल बघून बघून करायचा आणि विचारायचा, "असं?"

"बोटं मोठी हलवू नका. लपवायचा प्रयत्न करा. ज्याचा खराच हलतो तो दाखवत नाही, लपवतो."

डबलने लपवायचा प्रयत्न केला आणि ते हुबेहूब आलं. रबरला आपलाच हात दुसऱ्याच्या खांद्याला लागलेला दिसला. "जमलं," तो म्हणाला.

शॉट पहिल्या फटक्यात झाला. वायर ताणली, नटी सुखरूप झोक्यासारखी बाजूला गेली, गिरणीभर टाळ्या झाल्या. डबल खाली आला, पट्टे सोडले, हात दोनदा झटकला आणि चहाचा काठोकाठ भरलेला कप डाव्या हाताने उचलून, कुणाशी तरी बोलत बोलत, प्यायला लागला. रबर एकटक त्या कपाकडे बघत होता. एक थेंब सांडला नाही.

"काका, क्लोजप तुमचा," दिग्दर्शिकेने हाक मारली. "हात फ्रेममध्ये आहे. घाई नाही."

मेकअपवाला स्टूल ओढून समोर बसला, रंगाचं ताट मांडीवर घेऊन. रबरने डावा हात पुढे केला. तो थरथरतच होता, आणि या खेपेला त्याने तो लपवला नाही. मेकअपवाल्याने हात आपल्या तळव्यावर घेतला आणि ब्रश उचलून धरला. हात थांबला की तो तांबड्या रंगाची एक रेघ ओढायचा, हलायला लागला की ब्रश उचलून वाट बघायचा. पुन्हा थांबला की पुढची रेघ. सगळं युनिट उभं होतं, आणि ते दोघं सावकाश काम करत होते.