दोनशे बारावा लिफाफा

त्या बाईंचं पत्र आलं तेव्हा लिफाफेकाकांनी ते लगेच उघडलं, दोनदा वाचलं आणि ‘उद्या उत्तर लिहू’ असं म्हणून संख्याशास्त्राच्या जाड पुस्तकात ठेवून दिलं. त्या उद्याला आता एकतीस वर्षं झाली होती. पुस्तकाची पाठ उसवली, घर दोनदा बदललं, रुग्णालयातली नोकरी संपून पेन्शन सुरू झालं. पत्र मात्र पान एकशे अठ्ठ्याऐंशीवरून हललं नव्हतं.

“अहो, धूळ झटकताय की वाचताय?” बायकोनं कॉटवरून विचारलं. अतिदक्षता विभागातून घरी येऊन तिला नऊ दिवस झाले होते. आवाज अजून कापरा होता, पण धार परत आली होती.

“झटकतोय.”

“अर्धा तास? एकाच पानावरची?”

गप्प बसणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा. पण आज तिनं हात पुढे केला, आणि त्यांनी मुकाट्यानं पत्र तिच्या हातात दिलं.

“मी सही केली,” बाईंनी लिहिलं होतं. “हे गेले, तेव्हापासून माझे दीर म्हणतात, तू नवऱ्याला जुगारावर लावलंस. तुम्ही मला संमतीचा फॉर्म वाचून दाखवलात म्हणून तुम्हालाच विचारते. ह्यांना औषध मिळालं होतं की नुसतं मीठपाणी? एवढं कळलं तरी पुरे. तुमचं पेन गडबडीत माझ्याकडेच राहिलं.”

ते नोकरीला होते तो रुग्णालयाचा संशोधन कक्ष म्हणजे जिन्याखालची एक खोली होती. एक टेबल, एक टाइपरायटर आणि दारावरून जाणाऱ्या स्ट्रेचरच्या चाकाची कुरकुर. त्या कुरकुरीवरून कोणता वॉर्डबॉय आहे हे त्यांना न बघता कळायचं. फुफ्फुसं सुजून अत्यवस्थ झालेल्यांना तेव्हा एक इंजेक्शन देत. सगळे त्याला रामबाण म्हणत, एकटे मोठे डॉक्टर म्हणाले, “म्हणतात खरं, पण मोजलंय कुणी?” मग मोजायचं ठरलं. बाकी उपचार सगळ्यांना सारखेच. निम्म्यांना वर ते औषध, निम्म्यांना मीठपाणी. कुणाला काय, हे ना डॉक्टरनं ठरवायचं, ना नातेवाइकानं. ते लिफाफ्यांनी ठरवायचं.

लिफाफे हे त्यांचं काम. आकड्यांच्या तक्त्यावरून चिठ्ठी लिहायची, घडी घालून जाड लिफाफ्यात सारायची, चिकटवायची, वर क्रमांक टाकायचा. औषधालयातल्या बाई वरचा लिफाफा उघडत आणि बाटली भरून पाठवत. खाटेपाशी कुणालाच काही कळत नसे. चाळिशीतच नर्सेसनी त्यांचं नाव लिफाफेकाका पाडलं. त्यांना ते मनातून आवडायचं, पण कुणी हाक मारली की ते कानापर्यंत लाल व्हायचे.

“मग एका ओळीचं तर उत्तर,” बायको म्हणाली. “औषध की पाणी?”

“औषध.”

“मग अडलं कुठं?”

“आधी मोठे डॉक्टर म्हणाले, अभ्यास संपेपर्यंत सांगायचं नाही. मग अभ्यास संपला.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मीठपाणीवाल्यांत शंभरातले एक्केचाळीस गेले. औषधवाल्यांत सत्तेचाळीस.”

तिनं पत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं.

“आणि या बाईंच्या नवऱ्याला पाणीच मिळायचं होतं,” ते म्हणाले. ही गोष्ट त्यांनी घरात आजवर काढली नव्हती. “त्यांचा लिफाफा दोनशे बारावा. तो दोनशे अकराच्या पाठीला चिकटून गेला. औषधालयातल्या बाईंच्या हाती दोनशे तेरावा आला, औषधाचा. गोंद संपला होता गं त्या आठवड्यात. मी घरून डब्यातून खळ नेली होती.”

“मी शिजवलेली.”

“हो.”

“दाट झाली होती ती. आठवतंय मला, पातेलं घासताना हात दुखले होते.” तिनं पत्राची घडी घातली. “डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्याच दिवशी. वहीत लाल शाईनं लिहिलं. ते म्हणाले, चिठ्ठी काय नि खळ काय, दोन्ही नशीबच. त्यांचं बरोबर होतं. मला पटलं नाही.”

“शंभरात सहा जास्त गेले. ते गृहस्थ त्या सहांतले होते का?”

“ते कुणालाच सांगता येत नाही. पाणी मिळूनही ते गेले असते, कदाचित.”

“मग हेच लिहा की. एकतीस वर्षं ती बाई सहीचं ओझं वाहतेय आणि तुम्ही माझ्या खळीचं.” ती उशीला टेकली. “हवं तर माझंही नाव घाला. शिजवणारी म्हणून.”

त्यांना हसू आलं. गेल्या महिन्यात तिची फुफ्फुसं तशीच सुजली होती. काचेबाहेर उभं राहून त्यांनी लेकीच्या वयाच्या डॉक्टरला भीत भीत विचारलं होतं, “ते इंजेक्शन नाही का देत?” ती डॉक्टर म्हणाली होती, “काका, ते बंद होऊन जमाना झाला. चारशे जणांचा एक जुना अभ्यास होता, त्यात तोटाच दिसला. मग इतरांनी पुन्हा पुन्हा तपासलं, तेच आलं. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.” तो अभ्यास कोणत्या जिन्याखाली झाला, हे सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. तिथंच राहिलं.

दुपारभर त्यांनी लिहिलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर औषध, खळ, लाल शाई, एक्केचाळीस आणि सत्तेचाळीस, सगळं क्रमानं आलं. शेवटी लिहिलं: “जुगार तुम्ही खेळला नाहीत. ते औषध चांगलं की वाईट, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्यासारख्यांनी सह्या केल्या म्हणून कळलं. आता ते कुणाला देत नाहीत. माझ्या पत्नीलाही दिलं नाही. ती घरी आली आहे. तुमच्या सहीमुळेच आली असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण मला तसं वाटतं. उशिराबद्दल क्षमा मागायला तोंड नाही. पेन तुमच्याकडेच असू द्या.”

“त्या बाई आता त्या पत्त्यावर असतील का?” त्यांनी दारातून विचारलं.

“नसल्या तर पत्र परत येईल. मागं आपला पत्ता घाला म्हणजे झालं. आणि चालताना रस्ता बघा, पुस्तकात हरवता तसं हरवू नका.”

पोस्टात खिडकीशेजारी गोंदाची बाटली होती. त्यांनी बोटानं अगदी कडेकडेनं पातळ गोंद लावला, लिफाफा दाबला आणि तसाच हातात धरून उभे राहिले.

“आजोबा, द्या इकडं,” खिडकीतला माणूस म्हणाला. “टाकतो ढिगात.”

“थांबा जरा, वाळू द्या. दुसऱ्याला चिकटेल.”

“चिकटलं तर सोडवू. पत्र कुठं जात नाही.”

“हो. तरी पण.”

ते बाकावर जाऊन बसले. लिफाफा मांडीवर उताणा ठेवला. लोक आले, तिकिटं घेऊन गेले. बऱ्याच वेळानं त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, मग पाठीवरून, मग पुन्हा कडेवरून. अंगठा कोरडा निघाला. तेव्हा ते उठले आणि बाहेरच्या पेटीत पत्र सोडलं. आत, बाकीच्या पत्रांवर, ते एकटंच पडल्याचा हलका आवाज आला.