तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही

लिस्बनमधला आमचा शेवटचा दिवस मी सात बॅगांबरोबर काढला. इथे अमेरिकेत, मुलाच्या घरी मॉरिसव्हिलला परत येऊन आठवडा झाला, तरी डोकं तडकलेलंच आहे.

मी सुहासिनी. नागपूरच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी फळ्यावर आफ्रिका काढायची, खालून वळसा घालून लिस्बन ते कालिकत अशी रेघ ओढायची आणि पोरांना सांगायचं, इथून निघाला बरं का वास्को द गामा. ते 'इथून' एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी इच्छा. क्रूझ लिस्बनला संपणार असं यशोधननं, माझ्या मुलानं, सांगितलं तेव्हा बाकीची बंदरं गेली खड्ड्यात असं झालं होतं मला. पण तोंडानं म्हणाले का? नाही. न सांगता पोराला कळायला हवं, हा माझा हेका.

जहाजानं सकाळी आठलाच उतरवलं. विमान संध्याकाळचं. जवळच्या स्टेशनवर गेलो तर लॉकर सगळे भरलेले. यशोधन कपाळाला आठ्या घालून उभा. मी म्हटलं, "जा तुम्ही, मी बसते बॅगांपाशी."

"आई, नक्की ना?" सून म्हणाली. आश्लेषा गुणाची आहे, खोटं कशाला बोलू. "हवं तर मी थांबते."

"छे गं! माझे गुडघे कुठे त्या चढावर चालायला? जा, आन्याला फिरवून आणा."

आता खरं सांगते. आमच्याकडे पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं असतं आणि यजमानानं तिसऱ्यांदा पानात वाढायचंच असतं. माझं दोनदा म्हणून झालं होतं. तिसऱ्या आग्रहाची वाट बघत मी बुटांच्या नाड्यासुद्धा घट्ट बांधल्या.

"ओके आई, थँक्स हं!" यशोधन म्हणाला, आणि माझी नात धरून तिघं गेली.

बाप्पा! ओके काय, ओके?

सकाळी नऊ ते दुपारी दोन मी स्टेशनबाहेरच्या बाकावर. नदी दोन पावलांवर होती, पण बॅगा कोणाच्या भरवशावर सोडू? पाणीसुद्धा घोटघोट प्यायले, कारण बाथरूमला जायची सोय नाही. शेजारी एक बाई येऊन बसली, तिला खुणेनं विचारावंसं वाटलं, बाई गं, जरा बघतेस का? पण पासपोर्ट होते त्यात. मग बॅगा मोजत बसले. सात. परत मोजल्या, सातच.

दोन वाजता मंडळी परतली, उन्हानं लाल होऊन. निघायला अजून दोन तास होते. म्हटलं, अजून वेळ गेली नाही.

"नदी बरीच मोठी असेल ना रे?" मी विचारलं.

"एकदम मस्त. फोटो काढलेत ना, घरी गेल्यावर दाखवतो." असं म्हणून त्यानं फोन काढला. पुढचे दोन तास सात बॅगा राखायला आम्ही चौघं! सांगा, कोणाच्या डोक्यावर फोडायचं हे खापर?

काल दुपारी शेजारची चैत्राली जेवायला आली होती. जेवणं झाल्यावर यशोधननं टीव्हीवर फोटो लावले. बोटीचे झाले, चर्चचे झाले, आणि मग नदीकाठचं एक उंच पांढरं स्मारक आलं. त्याच्यापुढे आन्या दोन्ही हात पसरून उभी.

"आई, हे खास तुझ्यासाठी," यशोधन म्हणाला. "इथूनच निघाला होता ना तुझा वास्को द गामा? दोन ट्राम बदलून गेलो आम्ही. तू मला शिकवलेलं सगळं मी आन्याला तिथे उभं राहून सांगितलं."

"किती गोड!" चैत्राली म्हणाली. "काकू, लकी आहात हं."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. आठवण ठेवून गेला, माझ्यासाठी गेला, आणि मला बाकावर बसवून गेला! माझा तोल सुटला. चैत्राली समोर आहे हेही भान राहिलं नाही.

"मला यायचं होतं तिथे!" मी ओरडलेच.

यशोधन गोंधळला. "अगं पण तूच नको म्हणालीस ना? आश्लेषानं विचारलं तरी नको म्हणालीस."

"म्हणाले! म्हणून काय झालं? तुला कळत नाही?"

"मला कसं कळणार, आई?"

आन्या दहा वर्षांची. ती सोफ्यावर उठून बसली. "सो यू लाइड, आजी?"

"अगं, खोटं नव्हतं ते!"

"देन व्हॉट वॉज इट?"

तिला खरंच उत्तर हवं होतं. काय सांगू? रीत म्हणू, भीड म्हणू, की नुसता माज? परवा माझं नागपूरचं विमान आहे. बहात्तराव्या वर्षी आता लिस्बन पुन्हा कुठलं यायला! पोराचा राग करावा तर त्यानं काय केलं? ऐकलं माझं, एवढंच.

"मला यायचं होतं गं," मी पुन्हा म्हटलं, या खेपेला हळू.

यशोधननं टीव्ही बंद केला.