मंगळवारचा दवाखाना

मित्रांनो, मी एक जुना फिरता दवाखाना आहे. माझे मूळ शरीर म्हणजे साधा टेम्पो. पुढे नगरच्या एका गॅरेजमध्ये माझ्या पोटात तपासणीचा बाक, औषधांचे कपाट आणि हात धुण्याचे भांडे बसवले गेले. बाहेरून पांढरा रंग चढला आणि दोन्ही बाजूंना कंपनीचे नाव आले.

कंपनी पारनेर तालुक्यातली, यंत्रांचे सुटे भाग बनवणारी. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करावा, असा कायदा आहे. त्यातून माझा जन्म झाला. पहिल्या दिवशी मला हार घातला, माझ्यासमोर नारळ फुटला. मी फार खूश होतो.

मला पाथर्डी तालुक्यातले एक गाव नेमून दिले होते. दर मंगळवारी सकाळी दहा वाजता तिथे पोहोचायचे. या कामाचे अधिकारी नितीन साहेब. त्यांनी गावाची पाहणी पोळ्याच्या आठवड्यात केली होती. घरोघर माणसे होती, अंगणात पोरे खेळत होती. त्यांनी प्रत्येकाचे नाव लिहून घेतले. माणूस सज्जन, कामात चोख. फक्त दसऱ्यानंतर काय होते, हे त्यांनी कुणाला विचारले नाही.

दसऱ्यानंतर गाव ऊस तोडायला गेले. मी चौकात उभा राहायचो. दोनचार म्हातारी माणसे येऊन गुडघ्याच्या गोळ्या न्यायची. उरलेला वेळ डॉक्टर प्रज्ञा मॅडम रिकाम्या बाकाकडे बघत बसायच्या.

गंमत अशी, की ते गाव मला दर मंगळवारी वाटेतच भेटत असे. यंदा त्यांची टोळी जिल्ह्यातल्याच एका कारखान्याकडे होती. रस्त्याच्या कडेला त्यांचा तळ, उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, मांडलेल्या. पण मी तिथे थांबू शकत नव्हतो. माझ्या अंगात एक यंत्र आहे. मी कुठे थांबलो ते कंपनीच्या पडद्यावर दिसते. चार चाके असूनही मी एका रेघेत कोंडलेला होतो.

जानेवारीतल्या एका मंगळवारी एक बाई थेट रस्त्यात येऊन उभी राहिली. रंगुबाई. आमचा ड्रायव्हर वैजनाथ त्याच गावचा.

"काय रं वैजनाथ, दर मंगळवारी आमच्यावर धुरळा उडवत जातूस. तिकडं गावात काय भुतांना सुया टोचतूस व्हय?"

"मावशे, सरक बाजूला. हितं थांबायची परवानगी न्हाई."

"तुज्या गाडीला थांबायची परवानगी न्हाई. माज्या सुनंचं पोट थांबतंय का?"

वैजनाथने आरशातून मागे पाहिले. प्रज्ञा मॅडम आधीच दार उघडत होत्या.

रंगुबाईची सून दिपाली सात महिन्यांची गरोदर होती. तिच्या पायांना सूज होती. मॅडमनी रक्तदाब दोनदा मोजला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी गोळ्या दिल्या, मोळ्या उचलायला मनाई केली आणि सांगितले, "दर आठवड्याला तपासावं लागेल. मी मंगळवारी येते."

त्या मंगळवारी मी गेलो नाही.

"यादीबाहेर गाडी थांबली कशी?" नितीन साहेबांनी विचारले.

"सर, यादीतलीच माणसं आहेत. ही बघा नावं. फक्त ती गावात नाहीत."

साहेबांनी नावे पडताळून पाहिली. "तुमचं बरोबर आहे, डॉक्टर. पण मंजुरी गावाची आहे. मी तळाचा प्रस्ताव टाकतो. तोवर गाडी उभी राहू द्या."

मी कंपनीच्या आवारात उभा राहिलो. बॅटरी उतरली. कपाटातल्या गोळ्यांची मुदत संपत गेली. पाहुणे आले की मला धुऊन माझ्यासमोर फोटो काढत. दिपाली तिकडे कशी असेल, एवढाच विचार मला छळायचा. पुढे वैजनाथकडून कळले, की रंगुबाई दर आठवड्याला कामाचा खाडा करून तिला जीपने पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात नेत होती. मुलगी झाली. वजनाने फार कमी, पण जगली.

एप्रिलमध्ये मंजुरी आली. नवी बॅटरी, नव्या गोळ्या. आम्ही तळावर पोहोचलो, तर मोकळे रान. चुलींची राख आणि वाळलेले पाचट. हंगाम संपून माणसे घरी गेली होती. मॅडमनी रंगुबाईला फोन लावला.

"आमी घरी आलो की बाई. बाळाला खोकला हाय. येताय न्हवं?"

"मावशी, आता गावात येता येत नाही. परवानगी तळाची आहे."

पलीकडून रंगुबाई हसली. "आमी कोपीत हुतो तवा तुमी गावात. आता आमी गावात, तर तुमी आमच्या कोपीत! ऱ्हावा तिथंच, पाचट लई हाय बसायला."

मॅडमना हसू आले नाही. वैजनाथने किल्ली फिरवली नाही. ठरलेली वेळ संपेपर्यंत आम्ही त्या रानात उभे होतो, पडद्यावर अगदी योग्य जागी.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या मोठ्या कंपनीत साहेब होईल. कुणासाठी काही चांगले करावेसे वाटले, तर जरूर करा. माझ्यासारखी गाडीही घ्या. पण तिच्यावर नाव रंगवण्याआधी ज्यांच्यासाठी ती घेतली, त्यांना एवढेच विचारा, "तुम्ही घरी कधी असता?"