पहिल्या दाबाला न थांबलेला ट्रक

मित्रांनो, आज मला चाके नाहीत. मालेगावात एका गोडाऊनच्या मागे चार दगडांवर मला ठेवले आहे. माझ्या केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालतात आणि हौद्यात तुरीच्या काड्या रचलेल्या असतात. माझ्याकडे बघून तुम्हाला वाटेल, बिचारा म्हातारा ट्रक! पण मला बिचारा म्हणण्याची घाई करू नका. मी एका माणसाचे फार वाईट केले आहे. ते सांगितल्याशिवाय मला गंजूनसुद्धा जायचे नाही.

माझा नुसता सांगाडा कारखान्यातून आला. अकोल्याच्या एका सुताराने त्यावर सागवानी फळ्यांचा हौदा बांधला. रंगाऱ्याने माझ्या पाठीवर एक मोर काढला. तो इतका लठ्ठ झाला की रस्त्यातली पोरे त्याला बदक म्हणायची. मला त्याचा राग यायचा. मी पहिल्यापासूनच थोडा अहंकारी, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

मला विकत घेतले पंजाबरावांनी. मालेगावचे मोठे शेतकरी, दिलदार माणूस. पण त्यांना स्वतःला सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. मला चालवायचा मदनसिंग. हा तांड्यावरचा बंजारा गडी, मिशा पांढऱ्या, आवाज भरदार. कापसाच्या दिवसांत आम्ही कारंज्याच्या जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस न्यायचो, एरवी गहू, तूर, विटा, वाळू, जे मिळेल ते वाहायचो. मदनसिंग मला रोज पुसायचा आणि निघताना माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "चाल राजा." राजा म्हटले की मी फुगायचो.

आता माझ्या दोषाकडे येतो. दोन-तीन वर्षांत माझ्या ब्रेकमधले एक रबर झिजले. पायाने ब्रेक दाबला की पहिला दाब नुसता खाली जायचा, काहीच व्हायचे नाही. पाय उचलून लगेच दुसऱ्यांदा दाबला की मी थांबायचो. मदनसिंगने आधी ठरवले होते, कापूस संपला की रबर बदलून घेऊ. मग एकदा पंजाबरावांच्या जावयांनी हौसेने मला चालवायला घेतले आणि सरळ कुंपणात घातले. सगळे हसले. पंजाबराव म्हणाले, "हे गाडी फक्त मदनसिंगच्याच हाताले आयकते!"

झाले! ते वाक्य मदनसिंगला इतके आवडले की रबर बदलायचे राहूनच गेले. खरे सांगू? मलाही ते आवडले. आपल्यातली खोट कुणी आपला मान म्हणून मिरवू लागले, तर ती खोट काढून टाकावीशी कुणाला वाटेल?

पण मदनसिंगचे डोळे अधू होत चालले होते. एकदा तर जिनिंगचे फाटक समजून त्याने मला शेजारच्या लाकडाच्या वखारीत नेऊन उभे केले. मग पंजाबरावांनी नवा ड्रायव्हर बघायचे ठरवले. सन चौऱ्याहत्तरची दिवाळी होऊन गेली होती. कापूस यायला सुरुवात झाली होती.

तेव्हा आला इंद्रभान. शिरपूरचा, बौद्ध वाड्यातला, तेवीस-चोवीस वर्षांचा. बहात्तरच्या दुष्काळात तो आणि त्याची आई रंगूबाई रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडत होते. गिट्टी न्यायला ट्रक यायचे. ते बघून त्याने मनात घेतले की आपण ट्रक चालवायचा. अकोल्याला मामाकडे राहून तो शिकला. सरकारी परीक्षेत पहिल्याच खेपेला पास झाला. ते लायसन त्याने मेणकागदात गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले होते. खिसा आईने मुद्दाम शिवून दिला होता.

लायसन होते, पण काम नव्हते. मालेगाव, कारंजा, वाशीम, तो सगळीकडे फिरून आला होता. मालक विचारायचे, अनुभव किती? तो म्हणायचा, नवीनच हाय. मालक म्हणायचे, मग अनुभव घेऊन ये. पहिला अनुभव नेमका कुठे मिळतो, हे मात्र कुणी सांगत नव्हते. पंजाबरावांनी मात्र त्याला परत पाठवले नाही. ते म्हणाले, "परवा ये. नारळाले टेकून थांबवून दाखव, मंग गाडी तुह्या हाती."

ही नारळाची रीत पंजाबरावांच्या घराण्यातली. त्यांच्या वडिलांच्या काळी गाडीवान ठेवायचा तर रस्त्यात नारळ ठेवायचे. बैलगाडीचे चाक नारळाला टेकले पाहिजे, पण नारळ फुटता कामा नये. ज्याला हे जमले तो गाडीवान. मग मालक स्वतः तो नारळ फोडून खोबरे वाटायचा. पंजाबरावांनी तीच रीत ट्रकला लावली होती. मदनसिंग याच परीक्षेत पास झाला होता.

त्या दिवशी मालेगावच्या मोठ्या रस्त्यावर तीसचाळीस माणसे जमली. रंगूबाईसुद्धा शिरपूरहून चालत आली होती. ती लोकांच्या मागे, बाभळीखाली उभी राहिली. पंजाबरावांच्या घरच्यांनी माझी पूजा केली, नारळाला हळदकुंकू लावले. पंजाबराव इंद्रभानला म्हणाले, "हात जोड नारळाले."

इंद्रभान शांतपणे म्हणाला, "मी पूजापाती नाई करत, मालक. पन गाडी बरोबर तेथीच उभी करतो."

थोडी कुजबुज झाली. पंजाबरावांनी हाताने सगळ्यांना गप्प केले. "बरं, नोको करू. थांबव मंजे झालं."

इंद्रभान केबिनमध्ये चढला. मदनसिंग शेजारी बसला होता. इंद्रभानने आरसा नीट केला, गिअर हलवून पाहिला आणि मदनसिंगला विचारले, "काका, ब्रेक कसा हाय?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्या एका प्रश्नात होती. मदनसिंगने खिडकीतून बाहेर पाहिले आणि म्हणाला, "फस्क्लास हाय. चाल."

मी निघालो. पोरगा चांगला होता. मदनसिंग कधी कधी दुसरा गिअर करकचून टाकायचा, त्याने तो अलगद टाकला. रस्त्यातले खड्डे त्याने असे चुकवले की माझ्या हौद्यातली एक फळीसुद्धा वाजली नाही. नारळ जवळ आला. त्याने अगदी योग्य वेळी, योग्य जोराने ब्रेक दाबला. तो पहिला दाब होता. तो नुसता खाली गेला. त्याने क्षणात पाय उचलून पुन्हा दाबला आणि मी थांबलो. पण तोवर माझे पुढचे चाक नारळावरून गेले होते.

कडकन आवाज झाला. पाणी मातीत गेले. बायकांनी तोंडाला पदर लावला.

इंद्रभान खाली उतरला. तो म्हणाला, "मालक, पयल्या दाबाले ब्रेक लागलाच नाई. तुमी कोनाले बी पाहाले लावा."

लोक हसले. कुणीतरी म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं!" दुसरा म्हणाला, "हात जोडले असते तं नारळ वाचलं असतं." पंजाबरावांनी मदनसिंगकडे पाहिले. "काहून रे मदनसिंग, ब्रेकात काही हाय काय?"

मदनसिंग मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "इतके वर्स चालवून राह्यलो मालक. मले तं कवाच तरास नाई देल्ला."

यात शब्दाने खोटे काहीच नव्हते. म्हणूनच ते फार मोठे खोटे होते.

इंद्रभानने चपला झटकल्या आणि तो बाभळीकडे गेला. रंगूबाई पुढे झाली. दोघे शिरपूरच्या वाटेला लागले. मदनसिंगने माझ्या बॉनेटवर थाप मारली, "चाल राजा." आणि मला आनंद झाला. होय, आनंद झाला! माझा माणूस माझ्याकडे राहिला, मी फक्त त्याचेच ऐकतो हे साऱ्या गावाने पाहिले. त्या वेळी त्या दोघांच्या पाठी रस्त्यावर लहान लहान होताना दिसत होत्या. मी त्यांच्याकडे नीट पाहिलेदेखील नाही.

पुढे इंद्रभानला लोक नारळफोड्या म्हणू लागले. तो कारंज्याला काम विचारायला गेला, तर ते नाव त्याच्या आधी तिथे पोहोचले होते. कुणी त्याला गाडीला हात लावू दिला नाही. उन्हाळा आला आणि तो आईबरोबर पुन्हा गिट्टी फोडायला गेला.

नेमके त्याच कामावर गिट्टी वाहायला मला लावले. पहिल्या दिवशी घमेले डोक्यावर घेऊन माझ्या हौद्याशी आलेला माणूस इंद्रभान आहे, हे मला कळले तेव्हा माझे इंजिन सुरू असूनही मला थंडी वाजल्यासारखे झाले. त्याने माझ्याकडे पाहिले, फळीवर घमेले रिकामे केले आणि परत गेला. ज्या हातांनी मला चालवायचे, ते हात मला भरत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली.

गिट्टीचे ढीग उताराच्या खाली होते. मला मागे मागे घेत तिथे उभे करावे लागे. ढिगाशेजारी बायका हातोडी घेऊन बसलेल्या असत. रंगूबाईही त्यांच्यात असे. मदनसिंगला मागचे नीट दिसत नव्हते, तो अंदाजाने यायचा. माझ्या लक्षात आले की मी जिथे थांबायचो, तिथे मागच्या चाकाला दरवेळी एक मोठा दगड लागायचा. मला वाटले, पडलेला असेल.

एका दुपारी मदनसिंगने ब्रेक दाबला, पाय उचलला आणि पुन्हा दाबताना त्याची चप्पल घसरली. मी उतारावरून तसाच मागे गेलो. बायका ओरडल्या. माझे चाक त्या दगडावर आदळले आणि थांबले. रंगूबाई माझ्यापासून दोन हातांवर बसलेली होती. तिची हातोडी हातातच राहिली होती.

मदनसिंग खाली उतरला. त्याने वाकून दगड पाहिला. "हा गोटा कोनं ठेवला?"

"म्या ठेवला," इंद्रभान म्हणाला. "रोज ठेवतो."

"काहून?"

"तुमचा पयला दाब खाली जाते ना, काका. दुसऱ्याले लागते. मले ठाऊक हाय. इथं आमच्या बाया बसतात."

एवढेच बोलून तो आईला उठवायला गेला. त्याच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते. मदनसिंग माझ्या पायरीवर बसला आणि त्याने डोक्याचे मुंडासे काढून मांडीवर ठेवले. मग तो उठला. मला तिथेच सोडून कोसभर चालत मालेगावला गेला आणि पंजाबरावांना घेऊन आला. सगळ्या मजुरांसमोर तो म्हणाला, "मालक, नारळ या पोरानं नाई फोडलं. म्या फोडलं. ब्रेक खराब हाय हे मले ठाऊक होतं. माह्यी गादी जाईन म्हून म्या तोंड नाई उघडलं."

पंजाबराव इंद्रभानला म्हणाले, "चुकलं आमचं. चाल, बस गाडीवर."

इंद्रभानने हातातले घमेले खाली ठेवले. "आज नाई, मालक. अगुदर ब्रेक करा. मंग बसतो."

मालेगावच्या मिस्त्रीने ते झिजलेले रबर काढून पंजाबरावांच्या तळहातावर ठेवले. लहान पोरीच्या बांगडीपेक्षाही ते लहान होते. पंजाबरावांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि ते खिशात घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून इंद्रभान माझा ड्रायव्हर झाला. मदनसिंग क्लिनरच्या जागी बसू लागला. म्हातारपणी ड्रायव्हरचा क्लिनर झालेला सगळ्या तालुक्यात तो एकटाच असेल. पहिल्याच दिवशी त्याने हात जोडले, "मले माफ कर, बापू." इंद्रभान म्हणाला, "माफ केलं, काका." पण नारळफोड्या हे नाव काही पुसले गेले नाही. खरी गोष्ट सांगायला सगळे विसरले, नाव घ्यायला कुणी विसरले नाही.

इंद्रभानने मला चार वर्षे चालवले. तेल, पाणी, हवा, सगळे वेळेवर. माझी इतकी निगा कुणीच राखली नव्हती. पण निघण्यापूर्वी रोज सकाळी तो ब्रेक तीन वेळा दाबून बघायचा. रोज मी पहिल्याच दाबाला घट्ट धरायचो. माझ्याकडून होईल तेवढे घट्ट. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन वेळा. माझ्या बॉनेटवर त्याने एकदाही थाप मारली नाही. एकोणऐंशी साली तो एस.टी.त लागला. शेवटच्या दिवशी त्याने मला धुतले, उभे केले, आणि उतरण्याआधी तीन वेळा ब्रेक दाबला.

मदनसिंगने माफी मागितली आणि त्याला ती मिळाली. मी कशी मागू? तुम्ही म्हणाल, तुझा काय दोष, तुला तर तोंडच नव्हते. इतकी वर्षे मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण खोटे कशाला बोलू, तोंड असते तरी त्या दिवशी मी बोललो नसतो. मला तो मान हवा होता.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. माझी नका काळजी करू, कोंबड्या करतात. पण उद्या कुणी नवखा माणूस चारचौघांत उभा राहून म्हणाला की चूक माझी नव्हती, तर हसण्याआधी एकदा खाली वाकून ब्रेक तपासा.