कानातल्या मुंग्या

“कानात मुंग्या येतात वो,” पुनम म्हणाली आणि भुजंगरावांनी कपाळावर हात मारला. गावी लसणाचं तेल घालून झालं, लातूरच्या डॉक्टरांच्या नसांच्या गोळ्या झाल्या. मुंग्या होत्या तिथंच. भूकंपात भिंतीखाली सापडली तेव्हापासून लेकीच्या कानाला यंत्र. क्लासच्या वीरण्णा सरांनी तिच्यासाठी वर्गाभोवती तार फिरवली होती. सर माइकात बोलले की आवाज त्या तारेवरून थेट यंत्रात उतरायचा. पण मुंग्यांपुढं सरच ऐकू येईनात. आज भुजंगराव तिला क्लास सोडवून गावी घेऊन जायलाच आले होते.

वरच्या मजल्यावर राहणारी सबिहा पॉलिटेक्निकात शिकवायची; बोलणं ऐकून ती खाली आली. कडेवरच्या लेकाला, अरीबला, सावरत तिनं विचारलं, “पुनम, पायाला येतात तशा मुंग्या, का टीव्हीवरच्या?”

“टीव्हीवरच्याच की, आपा! खरखर, खरखर.”

“आणि सगळे तेल ओतून राहिले!” सबिहा हसली. “दोष कानाचा नाही हो. वर्गातली वीजच गडबड करतेय.”

“नांदेडच्या कॉलेजातून मोठं मशीन मागवू?” सरांनी विचारलं.

“ते रेडिओच्या लहरी मोजतं, सर. आलेख झकास काढील, पण हिला छळणारी गुणगुण लई खालच्या सुरातली. हिच्या यंत्रात तारेचं बारीक वेटोळं आहे, ते ही गुणगुण पकडतं. आपल्यालाही तसलाच कान पाहिजे.”

तिला घरचा टेपरेकॉर्डर आठवला. कॅसेट वाचणारा त्याचा चिमुकला हेड, तोही वेटोळंच!

“मामा, धरा जरा.” अरीब भुजंगरावांच्या मांडीवर गेला. सबिहानं वरून टेप आणला, हेड सोडवला, त्याला लांब वायर डाख देऊन जोडली आणि कॅसेट न घालताच टेप सुरू केला.

ट्यूबलाइट बंद केल्या, गुणगुण तशीच. हेड बाकांवरून फिरवत ती मागच्या भिंतीशी आली आणि टेप भुंग्यासारखा घुमला. भिंतीपलीकडं, पुनमच्या बाकाच्या बरोबर मागं, इन्व्हर्टर होता.

सर आणि सबिहानं तो उचलून लांब जिन्याखाली नेला. पुनमनं यंत्र लावलं. सर माइकात हळूच म्हणाले, “काल काय शिकवलं, सांग बरं?”

“काल तुमचं निम्मं समजलंच न्हाई, सर. पुन्हा सांगा.”

सर खडू शोधायला लागले. झोपलेल्या अरीबला आईच्या हाती देऊन भुजंगराव उठले. “चलतो मी. उजेडात गाव गाठतो.”

“एकटेच?” पुनमनं विचारलं.

“मग! तुझा तास बुडवू व्हय?”