माझ्या अंगावरचा हिरवा रंग

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. लोखंडी तारांचा, वर घुमट असलेला, उंचीला तुमच्या कमरेइतका. पिंजरा म्हटले की तुम्हाला आतल्या पक्ष्याची दया येते, आणि ती यायलाच हवी. पण पिंजऱ्यालाही जागचे हलता येत नाही, ओरडता येत नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या पोटात एक जीव तडफडत होता, त्याला काय झाले आहे हे घरात फक्त मला कळले होते, आणि मी गप्प उभा होतो. त्या सकाळची ही हकिगत आहे.

मला एका तारकाम करणाऱ्या कारागिराने घडवले. माझी एकेक तार त्याने हाताने वाकवली, एकेक सांधा ठोकून पाहिला. बरीच वर्षे मी एका पक्षी विकणाऱ्याच्या दुकानात होतो. दुकान बंद पडले आणि माझी रवानगी भंगाराच्या ढिगात झाली. पावसापाण्यात पडून मी पार गंजलो. तिथे एक दिवस पाट्या रंगवणारा एक माणूस पत्रे शोधत आला. त्याला सगळे नुसते पेंटर म्हणत. त्याने मला उलटासुलटा करून पाहिले आणि म्हणाला, "हाडं मजबूत आहेत याची."

पेंटरला पिंजरा हवाच होता. त्याचा एक मित्र परगावी जाताना आपला राखाडी पोपट त्याच्या गळ्यात टाकून गेला होता. या पोपटाचे नाव वकील. घरात कोणी काहीही बोलले तरी तो मधे तोंड घालायचा, म्हणून हे नाव.

पेंटरने दोन दिवस घासून माझा गंज काढला. मग जिन्याखालून एक जुनाट डबा ओढून काढला. त्यावरचा कागद केव्हाच गळून गेला होता, पण आतला हिरवा रंग अजून दाट होता. "जुना माल आहे, पण काय चकाकी आहे बघ!" असे तो आपल्या मुलीला, बिट्टीला, म्हणाला. त्याने मला तीन हात रंग दिला. मोठ्या मायेने दिला, हे मी आजही सांगेन. पाटी करून घ्यायला येणारी गिऱ्हाइके आधी माझ्याकडे पाहत. मी त्या दिवसांत फार मिजाशीत होतो.

सुरुवातीला वकील रोज संध्याकाळी बाहेर यायचा, पेंटरच्या खांद्यावर बसून पाट्यांवर देखरेख करायचा. पुढे पेंटरला मोठमोठ्या भिंती रंगवण्याची कामे मिळाली आणि तो दिवसभर बांबूंच्या परांचीवर राहू लागला. बिट्टीची शाळा वाढली. घरात उरली पेंटरची थोरली बहीण, म्हणजे बिट्टीची आत्या. तिला त्या चोचीची भारी धास्ती. ती दाणापाणी द्यायची ते लांबूनच, हात ताणून. मग दार उघडणेच बंद झाले. दिवसचे दिवस आम्ही दोघे एका कोपऱ्यात. त्याला माझ्यातून बाहेर पडता येत नव्हते आणि मला त्याला सोडता येत नव्हते.

रिकाम्या चोचीला काम लागते, मित्रांनो. वकिलाने मला कुरतडायला घेतले. पाण्याच्या वाटीजवळची तार त्याने निवडली. सकाळी टक् टक्, दुपारी टक् टक्. रंगाचा पापुद्रा निघाला की तो जिभेवर घोळवायचा. मला आधी त्यात गंमत वाटली. एकट्याला तेवढीच सोबत. पण मग तो सारखे पाणी पिऊ लागला. बोलणे कमी झाले. पंख लोंबू लागले. खालच्या कागदावर त्याची विष्ठा कधी नव्हे इतकी पातळ आणि हिरवी पडू लागली, आणि तिच्यात माझ्याच रंगाचे कण मला दिसले. त्या दिवशी माझी सगळी मिजास उतरली. मी घसा फोडून ओरडलो असतो, पण मला घसाच नाही.

एका रविवारी सकाळी वकील दांडीवरून खाली कोसळला. अंगाचा गोळा करून, डोळे मिटून बसला. मग मान झटकून ओकला.

बिट्टीने आधी पाहिले. तिच्या हाकेने पेंटर आणि आत्या धावत आले.

"काय खायला घातलंस याला?" पेंटरने बहिणीलाच विचारले.

आत्याचा चेहरा उतरला. "काल चॉकलेटचा तुकडा दिला होता रे. एवढासा, नखाएवढा. किती मागे लागला होता..."

"चॉकलेट? अगं ताई, पोपटाला विष असतं ते! तुला कोणी सांगितलं होतं नसते लाड करायला?"

आत्या पदर तोंडाला लावून दूध आणायला वळली. दुधाने विष उतरते असे तिने कुठेतरी ऐकले होते. पेंटर म्हणाला की दूध नको, मिठाचे पाणी घशात ओतू, म्हणजे सगळे ओकून पडेल. त्याने वाटीत पाणी कालवायला घेतलेसुद्धा. आणि मी उभा. नखाएवढ्या चॉकलेटने हे झालेले नाही, हे मला दिसत होते. पण माझ्या तोंडून एक अक्षर निघत नव्हते.

"बाबा, थांबा!" बिट्टी म्हणाली. "काही पाजू नका. मी डॉक्टरांना फोन लावलाय."

पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. बिट्टीने फोन मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणून मलाही ऐकू आले.

"आधी ते मिठाचं पाणी बाजूला ठेवा," बाई म्हणाल्या. "दूध नको, तेल नको, ओकवायचं तर अजिबात नाही. ते श्वासनळीत गेलं तर आत्ताच दगावेल. त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात घाला, खाली टॉवेल अंथरा. उबेत ठेवा, गोंगाट नको. काय खाल्लं, किती, केव्हा, ते लिहून आणा. आणि पिंजऱ्यातला खालचा कागद जसाच्या तसा आणा. पुसू नका."

बिट्टीने कागद ओढला आणि तिथेच थबकली. विष्ठेत हिरवे कण, ओकारीत हिरवे कण. तिने वर पाहिले. वाटीजवळची माझी तार वीतभर उघडी पडली होती.

"बाबा, हे बघा. हा रंग आहे."

"रंगानं काय होतंय?" पेंटर एकदम उसळला. "जन्म गेला माझा रंगात. मला काय झालं?"

"तुम्ही रंग खाता का?"

पेंटरने माझी उघडी तार बोटाने चाचपली. नंतर बहिणीकडे पाहिले. ती टॉवेलची घडी छातीशी धरून उभी होती. तो जिन्याखाली गेला आणि तो बिनकागदाचा डबा घेऊन आला. त्या पाच पावलांना त्याला केवढा वेळ लागला!

पाट्या वाहायच्या टेम्पोत पुढे बिट्टी, तिच्या मांडीवर खोके. मागे मी, डबा आणि आत्या. खड्डा आला की ती मला घट्ट धरायची. ज्याच्या रंगाने घात केला, त्यालाच ती सावरत होती.

दवाखान्यात वकिलाचा एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडापुढे धरला. पोटात पांढरे ठिपके होते, मिठाच्या खड्यांसारखे.

"शिसं," त्या म्हणाल्या. "जुन्या रंगांत असायचं. चॉकलेट वाईटच, पुन्हा देऊ नका. पण हे चॉकलेटचं काम नाही. महिनाभर तरी थोडं थोडं पोटात जातंय." त्यांनी डब्याचे झाकण उघडून पाहिले आणि लगेच बंद केले. "हा डबा आणि हा कागद आणलात म्हणून मला चाचपडावं लागलं नाही. शिसं बाहेर काढायची इंजेक्शनं सुरू करते. पण जगेलच, असं मी आज म्हणणार नाही."

पेंटर बाकावर बसला. "ताई, मी तुला नाही नाही ते बोललो," तो म्हणाला. "घास घास विष तर मीच देत होतो."

"बोललास ते बोललास," आत्या म्हणाली. "बिट्टीला काहीतरी खायला आण. सकाळपासून उपाशी आहे पोर."

मला दवाखान्याच्या मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवले. आतून काही कळायचा मार्ग नव्हता. नऊ दिवस मी त्या भिंतीशी होतो. रोज तिघांची पावले यायची आणि जायची, आणि मी पावलांच्या आवाजावरून काय झाले असेल ते ताडायचो. दहाव्या दिवशी खोके बाहेर आले. वकील जगला. उजव्या पायाची पकड तेवढी कायमची ढिली झाली. आता तो दिवसातला बराच वेळ मोकळा असतो. कुरतडायला त्याला लाकडाचे कोरे ठोकळे देतात, आणि तेही डॉक्टरीणबाईंना विचारून, असे मी ऐकले. पाहिले मात्र नाही. मला परत नेलेच नाही.

पेंटर मला मोडायला आला होता. "भंगारात दिला, तर माझ्यासारखाच कोणीतरी उचलून नेईल," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. त्यांनी मला मागून घेतले. तेव्हापासून मी दवाखान्याच्या दर्शनी खोलीत, बंद काचेच्या कपाटात उभा आहे. पेंटरने माझ्यासाठी एक पाटी रंगवून दिली. अक्षर इतके सुरेख की वाचल्यावाचून पुढे जाता येत नाही: 'हा रंग विषारी आहे. तुमचा पिंजरा तपासा.'

मित्रांनो, मुका जीव सांभाळायचा असेल तर दाण्यापाण्यावर भागत नाही. तो दिवसभर काय चावतो, हेही बघावे लागते. आणि कधी त्याच्या पोटात भलतेच काही गेले, तर आपल्या मनाचे औषध देऊ नका, आणि कोणाची चूक यावर भांडत बसू नका. आधी डॉक्टरांना विचारा. वेळ थोडा असतो.

मी कपाटातून बाहेर येणार नाही, आणि माझ्यात पुन्हा कोणी राहणार नाही. दिवस लांबच लांब असतात. पण काल एक लहान मुलगी आपला चिमुकला पक्षी दाखवून निघाली होती. पाटी वाचून ती थांबली. हातातला छोटा पिवळा पिंजरा तिने उजेडात धरला आणि नखाने त्याची तार खरवडून पाहिली.

"चल गं, उशीर होतोय," आई दारातून म्हणाली.

मुलगी जागची हलली नाही. "आई, इकडे ये," ती म्हणाली. "आधी हे वाच."